डोक्यावरच्या हटवादी पुळ्या : फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्सचा संशय आल्यास काय करावे

टाळूजवळ पुळ्या येतात, फुटतात, खपली धरते आणि खपली पडल्यावर त्या जागी केस उगवत नाहीत, असे महिनोन्महिने चालले असेल, तर चाई पडली असे समजून कांद्याचा वा लसणाचा रस चोळत बसू नये. चाईत केसांची मुळे शाबूत असल्यामुळे केस बहुधा परत येतात. फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्स या दुर्मीळ, चिवट विकारात मात्र मुळे सुजून नष्ट होतात व तिथे व्रण उरतो. घरातील कोणाला तरी उन्हात टाळू नीट पाहायला सांगावी. चकचकीत, छिद्रे न दिसणारा चट्टा, त्याच्या कडेला लाली व पू, आणि बाहुलीच्या डोक्यात खोवल्यासारखा एकाच छिद्रातून निघालेला केसांचा झुबका दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. कोल्हापुरात खासगी दवाखाना परवडत नसेल, तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच.

जाताना तेल लावू नये आणि आधी वापरलेल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब सोबत न्याव्यात, कारण दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने बुरशीचा संसर्गही झाकला जातो. पुवाची तपासणी शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी व्हावी; त्यात अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडतो. बायोप्सीसाठी कातडीचा साधारण 4 मिलिमीटरचा तुकडा चट्ट्याच्या मधून नव्हे, तर जिथे दाह चालू आहे आणि केस अजून टिकून आहेत अशा कडेवरून घेतात. एखाद-दुसऱ्या टाक्याच्या भीतीने ही तपासणी पुढे ढकलणे मला सर्वांत महाग वाटते, कारण तेवढ्या काळात चट्टा पसरतच राहतो.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिल्यास ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. रिफॅम्पिसिन व क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकांची जोडी साधारण 10 आठवडे दिली जाते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. मात्र रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, हे स्त्रियांनी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. क्षयरोगावरचेही हे औषध असल्याने जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नये. क्लिंडामायसिन चालू असताना जुलाब लागले, तर त्याच दिवशी कळवावे.

पुळ्या पेटलेल्या असताना तालमीतल्या पोरांनी तांबड्या मातीत उतरू नये, न्हाव्याला वस्तरा लावू देऊ नये आणि हेल्मेटखाली रोज धुतलेले सुती फडके बांधावे. जोतिबाच्या यात्रेला जायचे असेल, तर डोके झाकूनच गुलालात शिरावे. घरच्यांनी धास्तावण्याचे कारण नाही. हा विकार स्पर्शाने जडत नाही.

गेलेले केस औषधांनी परत येत नाहीत, त्यामुळे उपचाराचा गुण नव्या केसांवरून मोजू नये. दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून छायाचित्र घ्यावे आणि चट्ट्याची कड सरकली का, एवढेच ताडून पाहावे.