अर्थसंकल्प आपल्या दारापर्यंत पोहोचला का, हे सीमाभागात बसून कसे तपासावे

1 फेब्रुवारीला सकाळी 11 वाजता अर्थमंत्र्यांचे भाषण सुरू होते आणि दुपारपर्यंत बेळगावच्या चहाच्या टपरीपासून निपाणीच्या बाजारापर्यंत एकच प्रश्न विचारला जातो, की यात आपल्यासाठी काय आहे. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ‘काय स्वस्त, काय महाग’ अशी यादी येते आणि बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. माझ्या मते सर्वप्रथम ही यादीच बाजूला ठेवावी. 1 जुलै 2017 पासून बहुतेक वस्तूंवरचा कर जीएसटी परिषद ठरवते, अर्थसंकल्प नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाच्या साबणावरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणि निपाणीच्या कितीतरी घरांची चूल ज्यावर पेटते त्या विडीवरचा कर 1 फेब्रुवारी 2026 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तो परिषदेच्या निर्णयाने. पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादन शुल्क मे 2022 मध्ये कमी झाले आणि एप्रिल 2025 मध्ये वाढले, तेही अर्थसंकल्पाच्या दिवशी नव्हे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, तीसुद्धा केंद्रीय मंत्रिमंडळ वेगळी जाहीर करते. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये होती.

मग तपासायचे काय? जो पैसा केंद्राच्या तिजोरीतून निघून आपल्या घरात, गावात किंवा रस्त्यावर यायला हवा, तो आला का आणि पुरेसा आला का, एवढेच तपासायचे आहे. त्यासाठी आधी केंद्राचे काय आणि राज्याचे काय, हे वेगळे करावे लागते, आणि या कामात आपल्या सीमाभागातल्या माणसाकडे पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे नसलेले एक साधन आहे. आपली सोयरीक दोन राज्यांत आहे. एक बहीण कर्नाटकातल्या बेळगुंदीत, दुसरी महाराष्ट्रातल्या चंदगडात. एक भाऊ निपाणीत, दुसरा कागलात. एकच अर्थसंकल्प दोघांनाही लागू असतो. म्हणून दोन्हीकडच्या घरांत जे सारखे आहे ते साधारणपणे केंद्राचे, आणि जे वेगळे आहे ते राज्याचे, असा ढोबळ नियम धरून चालावे. बेळगुंदीच्या बहिणीच्या खात्यावर गृहलक्ष्मीचे महिना 2,000 रुपये आणि चंदगडच्या बहिणीच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये जमा होतात. यातला एकही रुपया केंद्रीय अर्थसंकल्पातला नाही. इकडच्या बायकांचा मोफत एसटी प्रवास बेंगळुरूने दिलेला आहे, दिल्लीने नाही. राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे डिझेलचा दर वेगळा दिसतो, तो राज्यांच्या विक्रीकरामुळे. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये मात्र दोन्ही भावांना सारखेच मिळतात. महाराष्ट्र त्यावर आपले आणखी 6,000 घालतो; कर्नाटकानेही एके काळी 4,000 रुपयांची भर घातली होती, ती पुढे थांबली. पाहुण्यांकडे गेल्यावर दोन पासबुके शेजारी शेजारी ठेवून नोंदी वाचल्या, तर तासाभरात जेवढे समजते तेवढे भाषणांतून समजत नाही.

केंद्राचे काय ते कळल्यावर दुसरा प्रश्न रकमेच्या किमतीचा आहे. पीएम किसान योजना फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आली आणि तेव्हापासून हप्ता 2,000 रुपयांचाच राहिला. महागाई वर्षाला सरासरी 5 टक्के धरली, तर तेव्हाच्या 6,000 रुपयांची खरेदीशक्ती टिकवायला 6 वर्षांनी सुमारे 8,000 रुपये लागतील. याहून टोचणारे उदाहरण वृद्धापकाळाच्या पेन्शनचे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे आणि 2007 च्या सुमारापासून तो बदललेला नाही. म्हातारीच्या हातात प्रत्यक्षात जास्त पैसे पडतात, कारण राज्य आपली भर घालते. म्हणूनच योजनेचे नाव घोषणेत आले, एवढ्यावर समाधान मानू नये. मागच्या पाच-सात वर्षांत माणशी रक्कम वाढली का, हे विचारावे. ती वाढली नसेल तर योजना चालू असूनही दर वर्षी थोडी थोडी कमी होत असते, आणि ही घट कोणत्याही भाषणात सांगितली जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ज्याला थोडा वेळ द्यावा लागतो. अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची सर्व कागदपत्रे हिंदीतही असतात, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला ती वाचता येतात. त्यातला खर्चाचा भाग उघडून आपल्याला हवी ती योजना शोधावी. तिच्यापुढे चार रकाने दिसतात: मागच्या वर्षीचा ‘वास्तविक’ खर्च, चालू वर्षाचा ‘बजट अनुमान’, त्याच वर्षाचा ‘संशोधित अनुमान’ (म्हणजे सुधारित अंदाज) आणि येत्या वर्षाचा ‘बजट अनुमान’. भाषणात आणि वर्तमानपत्रात चौथा रकाना गाजतो. आपण दुसरा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, कारण जे कबूल केले होते ते दुसऱ्यात आणि जे होणार ते तिसऱ्यात असते; वर्षभरानंतर पहिल्या रकान्यात खरा खर्च येतो.

हे जल जीवन मिशनवर करून पाहावे. 2024-25 साठी 70,163 कोटी रुपये ठेवले होते. 1 फेब्रुवारी 2025 ला सुधारित आकडा 22,694 कोटींवर आला, आणि त्याच दिवशी येत्या वर्षासाठी 67,000 कोटींची तरतूद आणि 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. ज्याने फक्त चौथा रकाना ऐकला त्याला पाण्यासाठी भरघोस पैसा आल्यासारखे वाटले. ज्याने तिसरा वाचला त्याला कळले, की ठरलेल्या पैशाचा एक तृतीयांशही त्या वर्षी खर्च होणार नव्हता. माझ्या आत्याच्या गावी, खानापूर तालुक्यात, परसात सिमेंटच्या बुटक्या खांबावर नळ बसवलेला आहे. तोटीत माती जाऊ नये म्हणून तिने तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून ठेवली आहे आणि घागर घेऊन ती अजून विहिरीवरच जाते. “नळ तर बसलाय की रे, पाणी तेवढं यायचं हाय,” असे ती म्हणते. मी जेव्हा तो तिसरा रकाना पाहिला, तेव्हा मला ती चिंधी आठवली आणि फार वाईट वाटले. या योजनेत निम्मा पैसा राज्याचाही असतो, म्हणून उशिराचा सगळा दोष एकट्या दिल्लीला देता येत नाही. पण अर्धा नक्कीच विचारता येतो.

हीच पद्धत उलट दिशेनेही बोलते, आणि प्रामाणिकपणे तेही लिहून ठेवावे. 2020-21 मध्ये रोजगार हमीसाठी 61,500 कोटी ठेवले होते, ते सुधारित अंदाजात 1,11,500 कोटी झाले आणि जवळजवळ तेवढेच खर्चही झाले. कोविडच्या टाळेबंदीत मुंबई, पुणे आणि गोव्याहून परतलेल्या माणसांना गावातच काम हवे होते, त्या वर्षी तिजोरी खरोखर उघडली गेली. अर्थसंकल्पाचा सामान्य माणसाला फायदा होतच नाही, असे म्हणणारे हा आकडा वगळतात. होतच असतो असे म्हणणारे पाण्याचा आकडा वगळतात.

रेल्वेचा अर्थसंकल्प 2017 पासून वेगळा राहिला नाही, पण कामनिहाय तरतुदींचे पिंक बुक अजून निघते. त्यात नैऋत्य रेल्वेचा विभाग काढून कित्तूरमार्गे जाणारा बेळगाव-धारवाड हा सुमारे 73 किलोमीटरचा मार्ग शोधावा, जो सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना पुढे रेटला गेला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आकडा मोठा असला तरी काम उभे राहतेच असे नाही. देसूर, गर्लगुंजी आणि नंदिहळ्ळीच्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीतून जाणाऱ्या या मार्गाला विरोध केला, आणि भूसंपादन अडले की ठेवलेला पैसा पडून राहतो. फायदा कोणाला आणि जमीन कोणाची, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात छापलेला नसतो. तो आपणच विचारायचा असतो.

राज्याच्या वाट्याचे गणित थोडक्यात पाहता येईल. केंद्राच्या विभाज्य करांतला 41 टक्के हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाने सर्व राज्यांना मिळून दिला. त्यात कर्नाटकाचा वाटा चौदाव्या आयोगाच्या 4.713 टक्क्यांवरून 3.647 टक्क्यांवर आला. उपकर आणि अधिभार या वाटपात धरलेच जात नाहीत, म्हणून नवा उपकर जाहीर झाला की तो पैसा राज्याला वाटून मिळणार नाही, हे समजून घ्यावे. 2025-26 च्या सुमारे 50.65 लाख कोटींच्या खर्चात 12.76 लाख कोटी व्याजाचे होते, म्हणजे प्रत्येक चौथा रुपया आधीच्या कर्जापोटी गेला. त्याच अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतचे उत्पन्न नव्या पद्धतीत प्राप्तिकरमुक्त झाले. वडगावच्या यंत्रमागावर मजुरी करणाऱ्याला याचा थेट लाभ नाही, कारण तो आधीही प्राप्तिकर भरत नव्हता.

शेवटी हा हिशोब पंचायतीत न्यावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात पंचायतींना मिळालेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारता येते. तोंडी उत्तर मिळाले नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाणी आणि रस्ता यांचे अर्ज वेगळे द्यावेत. उत्तर 30 दिवसांत यायला हवे आणि ते बहुधा कानडीत येईल. आपल्याला कानडी वाचता येत नसेल तर कानडी शाळेत जाणाऱ्या नातवंडाला शेजारी बसवून आकडे वहीत उतरवावेत. वहीत योजनेचे नाव, कबूल केलेली रक्कम, सुधारित रक्कम आणि आपल्या गावात प्रत्यक्ष झालेले काम, एवढे चारच रकाने आखावेत. आत्याच्या गावाची वही मी या वर्षी सुरू केली आहे. शेवटच्या रकान्यात सध्या ‘नळ आहे, पाणी नाही’ असे तारखेसह लिहिलेले आहे.