रोलचा कॅमेरा घ्यावा की डिजिटल?

फोटो काढून झाल्यावर त्याचं पुढे काय होणार, हे आधी ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार, अल्बममध्ये लागणार की भिंतीवर? बहुतेकांचं उत्तर पहिलं असतं, आणि तिथेच ‘फिल्मचा लुक’ या शब्दातली निम्मी हवा जाते. रोल धुतल्यावर निगेटिव्ह स्कॅन होतं. फोनवर दिसणारा रंग बराचसा त्या स्कॅनरने आणि तो चालवणाऱ्या माणसाने ठरवलेला असतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबना द्या, दोन वेगळे फोटो येतील.

म्हणून रोलकडे कल असेल तर कॅमेऱ्याच्या दुकानाआधी लॅब गाठा. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या पद्धतीचं, म्हणजे सी-४१ चं, मशीन रोज चालतं का, ते विचारा. आठवड्याला चार रोल येणाऱ्या ठिकाणी रसायन पडून शिळं होतं आणि फोटो फिके किंवा रंग ढळलेले निघतात. स्कॅन किती पिक्सेलचा देणार, हेही आधीच ठरवून घ्या. १५००×१००० चा स्कॅन ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापला तर जेमतेम ५ इंच रुंद होतो. ८×१२ इंचांसाठी ३६००×२४०० लागतात. २४ मेगापिक्सेलचा साधा डिजिटल कॅमेरा ६०००×४००० देतो, म्हणजे १३×२० इंचांपर्यंत काळजी नाही. आणि निगेटिव्ह परत मागा. काही ठिकाणी स्कॅन मेल करून निगेटिव्ह टाकून देतात, मग रोल वापरून मिळवलं काय?

आता खर्च. समजा रोल ९०० रुपयांना पडला, धुणं आणि स्कॅनिंग ६०० ला. १५०० भागिले ३६, म्हणजे एका क्लिकला सुमारे ४२ रुपये, डोळे मिटलेले फोटोही धरून. आपल्या गावचे दर घालून हाच भागाकार करा. महिन्याला एक रोल धरला तर या हिशेबाने वर्षाला १८,००० होतात. तो आकडा सेकंडहँड डीएसएलआरच्या (लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) किमतीशेजारी ठेवून पाहा.

उजेडाच्या बाबतीत मात्र वाद नाही. रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत ४०० आयएसओचा रोल (आयएसओ जितका जास्त, तितक्या कमी उजेडात फोटो निघतो) आणि भरपूर उजेड आत घेणारी एफ/२ लेन्स असली, तरी शटर १/३० सेकंदाच्या आसपास अडकतं; ढोल वाजवणाऱ्याचे हात नुसते फराटे दिसतात. डिजिटलवर आयएसओ ३२०० केलं की तेच शटर १/२५० होतं. लहान मुलं, लग्न, नाटक, रात्र यांपैकी काही वारंवार टिपणार असाल तर डिजिटल घ्या. ‘रोलवर शिकलं की पक्कं होतं’ हे आम्हाला अर्धंच पटतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा ते, डिजिटलच्या मॅन्युअल मोडवर लवकर कळतं, कारण चूक लगेच दिसते. रोल शिकवतो तो थांबायला. तेही प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) आणि शटर वहीत लिहिलंत तर. नाहीतर दोन आठवड्यांनी काळा फोटो हातात येतो आणि का ते आठवत नाही.

कपाटातला जुना कॅमेरा तपासताना

घरात पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१० किंवा एखादा याशिका पडून असेल तर रोल घालण्याआधी अर्धा तास द्या. लेन्स काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बंद चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना ती हमखास लागते. वरवरची असेल तर साफ होते. काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर पाती संथ हलतात.

मग मागचं झाकण उघडा. कडेचा काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तिथून उजेड शिरणार आणि फोटोवर नारिंगी पट्टे येणार. नवा स्पंज लावणं किरकोळ काम आहे. शटरचा पडदा कापडी असेल तर अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च मारा. मागून टाचणीएवढा ठिपका चमकला तरी प्रत्येक फोटोवर पांढरा डाग पडेल. १ सेकंदाचं शटर घड्याळाशी ताडून पाहा. ते दीड-दोन सेकंद रेंगाळत असेल तर आतलं वंगण घट्ट झालंय, सर्व्हिसिंग लागेल.

सेलची गंमत वेगळीच. १९६०-७० च्या काळातल्या कॅनोनेटसारख्या अनेक कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. त्यात आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटर चुकतो, आणि चूक बहुधा फोटो काळपट करणारी असते. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्ट देतो, तो बराच जवळचा. व्यासाने थोडा लहान असतो, भोवती रबरी रिंग बसवा.

आग्फा क्लिक थ्री सापडला तर सेलचा प्रश्नच नाही. तो १२० चा रोल (हा आकड्याचा आकार, आयएसओ नव्हे) घेतो, १२ चौकोनी फोटो देतो, आणि १२० चे रोल आजही बनतात. शटर एकाच संथ वेगाचं आहे, म्हणून उन्हात ४०० नको, १०० चा निगेटिव्ह रोल घाला. फोटोचा आकडा दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा, रोल पुढे सरकवण्यापुरतीच उचला.

सेकंडहँड डिजिटलची तपासणी सोपी. एफ/१६ वर, म्हणजे बारीक अ‍ॅपर्चरवर, आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसेल. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले ते, विचारा. निकॉन डी५६०० सारख्या कॅमेऱ्याचं शटर १,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं असतं.

दोन्हींत सवयी उलट्या लागतात. डिजिटलवर जास्त उजेडाने एखादा भाग नुसता पांढरा झाला की त्यातला तपशील परत येत नाही, म्हणून उजळ भाग सांभाळा. रंगीत निगेटिव्हला उजेडाची भूक असते. सावलीवरून मीटर घ्या, एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त दिला तरी बिघडत नाही. मीटर बंद असेल तर टळटळीत उन्हात एफ/१६ आणि आयएसओएवढं शटर: २०० च्या रोलला साधारण १/२५०.

रोल घातल्यावर लिव्हर फिरवताना डावीकडची रिवाइंड कळ फिरते का ते बघा. सैल रोल ताणल्यावरही ती फिरत नसेल तर फिल्म दात्यांत अडकलेली नाही आणि ३६ फोटोंऐवजी कोरा रोल धुवून येईल. पहिला रोल लग्नाला नेऊ नका. गल्लीत, उन्हात, सावलीत, सगळ्या शटर स्पीडवर संपवा आणि तो धुवून आल्यावरच पुढचा विकत घ्या.