गोफणीतून अंतराळाकडे

निपाणीजवळ आमचं शाळूचं रान आहे. कणसं भरली की आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे आणि पाखरांचा थवा भर्रकन उठायचा. आता मी विज्ञान शिकवतो. रॉकेटशिवाय उपग्रह वर कसा फेकायचा, हे पोरांना मी त्या गोफणीवरूनच सांगतो. तुम्हीही करून बघा.

दगड अजिबात नको. चिंध्यांचा घट्ट चेंडू करा. मुठीपासून चेंडूपर्यंत 1 मीटर सुतळी ठेवा. मळणी झालेलं मोकळं रान बघा, जवळपास कुणी नको. हात स्थिर ठेवून मनगटानं उभं चक्र फिरवा, दुसऱ्यानं 10 फेऱ्यांचा वेळ मोजावा. 5 सेकंद लागले तर वेग भरतो सेकंदाला साधारण 12.6 मीटर. त्याचा वर्ग करून त्रिज्येनं भागा: 158, म्हणजे गुरुत्वाच्या (9.8) 16 पट ओढ! चेंडूऐवजी झाकणाच्या डबीत सैल कणकेचा गोळा ठेवून फिरवा आणि झाकण उघडून बघा. गोळा बाहेरच्या बाजूला चेपलेला दिसेल.

सुतळी आडवी असताना, चेंडू वर चढतानाच सोडायचा. सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशीर झाला तरी दिशा 36 अंशांनी चुकते. आमच्या एका पोराचा चेंडू असाच मागं जाऊन शाळेच्या कौलांवर अडकला. नेमका सुटला तर 8 मीटर वर जातो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत स्पिनलाँच कंपनीनं हीच युक्ती 33 मीटर व्यासाच्या यंत्रात वापरली. पहिली चाचणी 2021 साली झाली. आतली हवा काढून घेतात, नाहीतर यंत्राचा लांब हात फिरतानाच तापेल. आतल्या वस्तूला गुरुत्वाच्या 10,000 पट ओढ सोसावी लागते. तोफेनंही हे जमतं: कॅनडाचे अभियंते जेराल्ड बुल यांच्या हार्प प्रकल्पात 1966 साली तोफेचा गोळा 180 किलोमीटर उंच गेला.

पण तो खाली आलाच. पोरांना हे पटायला वेळ लागतो. उंची गाठली म्हणजे कक्षा मिळाली असं नाही. पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटरचा आडवा वेग लागतो. जमिनीवरून फेकलेली वस्तू तेवढ्या वेगानंही फिरून जमिनीकडेच येते. म्हणून वर पोचल्यावर छोट्या रॉकेटचा एक धक्का द्यावाच लागतो.

आता सुतळी 2 मीटर करा. जमिनीला लागेल, म्हणून माळ्यावर चढा. डबीत कणकेचा नवा गोळा ठेवून सेकंदाला एकच फेरी द्या. वेग तोच राहतो, ओढ मात्र 8 पटीवर येते. डबी उघडा आणि दोन्ही वेळचे गोळे शेजारी ठेवून बघा.