एचआयव्ही चाचणीसाठी ओपीडीच्या रांगेत थांबू नका

सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी मोफत होते हे बहुतेकांना माहीत असतं. पण केस पेपरच्या खिडकीवर, चारचौघांत कारण कसं सांगायचं या संकोचापायी कितीतरी जण परत फिरतात. ते कारण तिथे सांगायची गरजच नाही.

१. आधी १०९७ वर फोन करा. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) ही हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जवळचं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्र, कुठे आहे ते विचारा.

२. जिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही हे केंद्र असतं. आत शिरल्यावर फक्त "आयसीटीसी कुठे?" एवढंच विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

३. समुपदेशक आधी एकट्याशी बोलतात, मग तुमची संमती घेऊन रक्त तपासतात. संशयास्पद संबंध नेमका कधी आला ते त्यांना खरं सांगा. संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतील. ती दुसरी फेरी कृपया चुकवू नका.

४. पॉझिटिव्ह आल्यास तिथूनच एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार मिळतात तिथे, पाठवतात. औषधंही मोफत. निकाल गुप्त ठेवणं २०१७च्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

सावधान: धोका नुकताच, ७२ तासांच्या आत घडला असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन पीईपीची, म्हणजे धोका घडल्यानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची, औषधं मागा. जितक्या लवकर पहिली गोळी, तितकं बरं.