चेक बाउन्स झाल्यावर: पहिली नोटीस चुकू नये म्हणून

इंदूरला सांवेर रोडवर माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेव-नमकीनवाले, आणि सगळा व्यवहार उधारीचा. वीस वर्षांत कितीतरी चेक परत आले, सात वेळा कोर्टाची पायरी चढावी लागली. माल पोचल्याची पावती, सही-शिक्क्याचं बिल, सगळं हाताशी असूनही त्यातली पहिली केस मी हरले, ती एका पानाच्या नोटिशीपायी. म्हणून इथे नोटिशीबद्दलच जास्त लिहिते आहे.

चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत स्वतःच्या खात्यात भरा. परत आला की मूळ चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो (चेक का परत आला ते सांगणारी चिठ्ठी) दोन्ही घेऊन या आणि बातमी कोणत्या दिवशी कळली ते वहीत लिहा. मेमोच्या आधी मोबाइलवर एसएमएस आला असेल तर मी दिवस एसएमएसपासूनच मोजते, म्हणजे नंतर वाद नको.

मेमोवर कारण काय आहे यावरून घाबरवणारे खूप भेटतात. ‘स्टॉप पेमेंट आहे, केस होणार नाही’, ‘सही जुळत नाही म्हणजे बँकेचा मामला’. हे खोटं आहे. खात्यात पैसे नसणं, स्टॉप पेमेंट (चेक देणाऱ्यानेच बँकेला पैसे देऊ नका सांगणं), खातं बंद, सही न जुळणं, हे सगळे प्रकार सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत कलम 138 मध्ये, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या चेक बाउन्सच्या कलमात, धरले आहेत.

त्याच संध्याकाळी पार्टीचा फोन येतो: ‘दीदी, सोमवार को फिर लगा देना.’ चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर त्या मेमोपासून नोटिशीसाठी नवे तीस दिवस मिळतात. मी ही सवलत एकदाच देते. सियागंजात माझ्या ओळखीचे दोन दुकानदार सोमवारची वाट बघत बसले. तीस दिवस गेले, चेकचे तीन महिनेही गेले, आणि हातात राहिला फक्त दिवाणी दावा.

नोटीस

मेमोची बातमी कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस धाडायची. कायद्याला वकीलच हवा असं नाही, पण वकिलाकडूनच लिहून घ्या. मात्र टाइप झालेला कागद सही होण्याआधी स्वतः वाचा, आकडा न् आकडा वाचा. मी वाचला नव्हता.

माझा चेक 2,86,400 रुपयांचा होता. वकिलांनी त्यात व्याज आणि भाडं मिळवून ‘3,31,200 रुपये द्या’ असं लिहिलं. चेकची रक्कम वेगळी मागितलेलीच नव्हती. तेव्हा मला वाटलं, बरंच झालं, आपलं व्याजही मागितलं. चार वर्षं पेशीवर पेशी झाल्या आणि शेवटी समोरच्या वकिलाने तेवढा एक मुद्दा मांडला: कलम 138 चेकची रक्कम मागायला सांगतं, या नोटिशीत ती मागितलेलीच नाही. पार्टी सुटली. त्या दिवशी कोर्टातून रामबागेतल्या घरापर्यंत मी चालत आले, रिक्षात बसायचंही सुचलं नाही.

तेव्हा नोटिशीत मागणी चेकवरच्या आकड्याची, पैशापर्यंत तीच. टायपिंगची चूक होती ही सबबसुद्धा 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली आहे. व्याज, खर्च लिहायचाच असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने लिहिला तर चालतो, पण मी तो घालतच नाही. व्याजाची वाट वेगळी आहे: माल आपण स्वतः बनवत असाल आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आधीपासून असेल, तर 2006 च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्याखाली थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा. तिथे ठरलेल्या मुदतीनंतर, आणि ती 45 दिवसांपेक्षा जास्त धरतच नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं.

दुसरा खड्डा म्हणजे मधेच आलेले थोडे पैसे. तीन लाखांचा चेक तुमच्या तिजोरीत आहे, आणि पार्टी मधल्या काळात चाळीस हजार यूपीआयने टाकते. आता तो तीन लाखांचा चेक तसाच भरून तीन लाखांची नोटीस दिलीत तर केस टिकत नाही, कारण चेक भरला त्या दिवशी देणं तेवढं उरलेलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवरच करून उरलेल्या रकमेसाठी तो भरता येतो, पण माझं ऐकाल तर जुना परत करून उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या. पार्टी कुरकुरते, कुरकुरू द्या.

नोटीस कुणाच्या नावे? एकट्याचं दुकान असेल तर मालकाच्या. भागीदारी असेल तर फर्म आणि व्यवहार बघणारे भागीदार. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी आणि चेकवर सही करणारा डायरेक्टर. पुढे तक्रारीत कंपनीला आरोपी न करता फक्त डायरेक्टरला केलंत तर केस तिथेच संपते.

पत्ता जीएसटी क्रमांक टाकून पोर्टलवर तपासा. दुकानाच्या पत्त्यावर एक आणि घरच्या पत्त्यावर एक, अशा दोन प्रती मी पाठवते. पत्ता बरोबर असेल आणि लिफाफा ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ शेरा मारून परत आला, तरी कायदा ती पोचली असं धरून चालतो. तो लिफाफा फोडू नका, तसाच वकिलाकडे द्या. जुनं रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. पावती सांभाळा आणि ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, पण त्याच्याच भरवशावर राहू नका.

आता दिवस मोजायचे

इथे घाईही मारते आणि उशीरही. समजा मेमो 3 जूनला मिळाला. तो दिवस सोडायचा, म्हणजे नोटीस 3 जुलैपर्यंत पोस्टात पडलीच पाहिजे. मी आठवड्याच्या आत टाकते. समजा पार्टीला ती 12 जूनला मिळाली. तिला पैसे द्यायला पंधरा दिवस, म्हणजे 27 जूनपर्यंत. 28 जूनला तुमचा तक्रारीचा हक्क उभा राहतो आणि तिथून एक महिना, 28 जुलैपर्यंत, तक्रार दाखल करायची. 27 जूनच्या आत दाखल केलेली तक्रार टिकत नाही. उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण बघून माफ करू शकतं, पण त्या आशेवर बसू नका. ह्या चारही तारखा मी कारखान्यातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते आणि वकिलांना आदल्या आठवड्यात फोन करते. त्यांच्याकडे शंभर फाइली असतात, आपली एक असते.

पुढचं

तक्रार आपली बँक शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात होते. चेक आपल्या खात्यात भरलेला असला की पार्टी रतलामची असो की अहमदाबादची, 2015 च्या दुरुस्तीमुळे तिला इंदूरला यावं लागतं. तक्रारीबरोबर शपथपत्र, चेक, मेमो, नोटीस, पोस्टाची पावती, बिलं आणि आरोपीचा मोबाइल, ईमेल. आरोपीने गुन्हा नाकबूल केला की कलम 143अ खाली अंतरिम भरपाईचा अर्ज टाकायला वकिलांना आठवण करा. चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत मिळू शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बहुतेक पार्ट्या समन्स निघाल्यावर तडजोडीला येतात, आणि मी तडजोड करते. ती लोकअदालतीत करा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, हप्ता चुकला तर नव्याने दावा लावावा लागत नाही. एकरकमी तडजोड असेल तर डीडी घ्या किंवा पैसे खात्यात जमा झालेले बघा, मगच केस मागे घेण्याच्या अर्जावर सही करा. पुढच्या तारखेचा नवा चेक घेऊन सही करू नका.