पांढऱ्या शिंतोड्यांचा डिफेनबॅकिया: ओळखा, सांभाळा, टिपरी लावा

नर्सरीत 'इनडोअर' एवढंच सांगून हातात दिलेलं, हिरव्या पानांवर पांढरट-पिवळे शिंतोडे असलेलं झाड बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं: डिफेनबॅकिया किंवा ॲग्लोनिमा. दोन्ही अळूच्या कुळातली, त्यामुळे गल्लत होते.

आधी खोड बघा. डिफेनबॅकियाचं खोड उसासारखं जाड आणि पेरांचं, गळलेल्या पानांच्या जागी गोल वळे उमटलेलं. ॲग्लोनिमाचं खोड बारीक. ते बुडातून फुटवे काढून झुबका करतं. मग पान उलटं करा. डिफेनबॅकियाचं पान रुंद, मधली शीर मागून चांगली जाड. ॲग्लोनिमाचं निमुळतं, चिवट, बहुधा चंदेरी पट्ट्यांचं. पानात लाल-गुलाबी छटा असेल तर तो डिफेनबॅकिया नव्हे.

आता जागा. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात तोच आधी करपतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर नवी पानं हिरवीगार निघतात आणि नक्षी फिकी पडते. पूर्वेची खिडकी किंवा पडद्याआडचा उजेड उत्तम. मूळ अमेरिकेच्या उष्ण जंगलातलं हे झाड, थंडी त्याला सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गच्चीवर ठेवू नका.

माती मात्र नीट पारखून घ्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत पाणी धरून बसते. पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारखं घ्या, त्यात मूठ-दोन मूठ जाडी वाळू मिसळा. कुंडीच्या तळाला भोक हवंच.

झाड मरतं ते बहुधा जास्त पाण्यानं, आणि तेही पावसाळ्यात. जुलैत आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की कुंडी आठ-दहा दिवससुद्धा वाळत नाही, आणि आपण सवयीनं रोज तांब्या ओततो. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या. ताटलीत साचलेलं ओतून टाका. खालचं एखादं जुनं पान पिवळं पडलं तर काळजी नको. पण एकदम तीन-चार पानं लोंबली आणि बुडाशी खोड मऊ लागलं, तर मूळ कुजलंय. तेव्हा खत घालत बसू नका, वरचं कडक खोड कापून वाचवा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून फवारा.

खोड लांबून वरच तुरा उरला, की त्याच खोडाची लागण, म्हणजे नवी लावणी, करायची. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला शिकवायला नको. दोन डोळ्यांची (पेरावरच्या कोंबांची) टिपरी, म्हणजे खोडाचा तुकडा, कापा, काप दिवसभर सुकू द्या, ओल्या कोकोपीटमध्ये आडवी, अर्धी उघडी ठेवा. वळवाचे पाऊस सुरू झाल्यावर हे काम चांगलं साधतं. फुटवा यायला काही आठवडे लागतात, रोज उकरून बघू नका.

कापताना हातमोजे घाला. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कातडीला खाज येते, चावलं तर तोंड आणि घसा सुजतो. लहान मुलानं पान चावलं तर तोंड धुऊन लगेच डॉक्टर गाठा. आणि छाटलेली पानं, उरलेली खोडं जनावरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका.