सिबिल क्लिअर करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

लोन रिजेक्ट झालं की माणूस हवालदिल होतो आणि नेमकं त्याच आठवड्यात मोबाईलवर कुठलीतरी रील येते, "सिबिल खराब? नो टेन्शन, ३० दिवसांत ७५० प्लस, सेटलमेंट रिमूव्ह, रिटन ऑफ डिलीट, १०० टक्के गॅरंटी", खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर. (सेटलमेंट म्हणजे पूर्ण बाकीपेक्षा कमी रक्कम घेऊन बँकेने मिटवलेलं कर्ज, आणि रिटन ऑफ म्हणजे वसूल होत नाही म्हणून बँकेने वहीत बुडीत धरलेलं.) घराचं बुकिंग केलेलं असतं, टोकन दिलेलं असतं, मग वाटतं देऊन टाकू पाच-दहा हजार, काम तर होईल. कृपया देऊ नका. हा माणूस जे काम करून देतो म्हणतोय त्यातलं जे शक्य आहे ते तुम्ही स्वतः फुकट करू शकता, आणि जे शक्य नाही ते त्यालाही जमत नाही, कितीही पैसे दिले तरी.

आधी हे सगळं चालतं कसं ते बघा, म्हणजे फसायची वेळच येणार नाही. आपण सगळे "सिबिल" म्हणतो पण आपल्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींना रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे आणि २००५ च्या कायद्याखाली त्यांचं काम चालतं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. आता महत्त्वाचं, या कंपन्या स्वतःहून तुमच्या रिपोर्टमध्ये काहीच लिहीत नाहीत, तुमची बँक किंवा फायनान्स कंपनी किंवा कार्डवाले जे कळवतात तेच तिथे छापलं जातं. म्हणजे एखादी नोंद बदलायची तर ती कळवणाऱ्या बँकेनेच "हो, हे चुकलंय, दुरुस्त करा" असं सांगावं लागतं. सिबिललाही परस्पर बदल करता येत नाही, मग "सिबिलमध्ये आपला माणूस आहे" म्हणणाऱ्याला कुठून येणार. आणि खरी नोंद डिलीट करण्याचं म्हणाल तर ही माहिती कमीत कमी ७ वर्षं जपून ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे.

मग हे एजंट पैसे घेऊन नक्की करतात काय? सगळ्यात साधा प्रकार म्हणजे तुमचा पॅन, जन्मतारीख आणि ओटीपी घेऊन तुमच्याच नावाने लॉगिन करतात आणि सगळ्या खात्यांवर सरसकट डिस्प्यूट, म्हणजे "ही नोंद चुकीची आहे" अशी तक्रार, टाकतात, खरं-खोटं न बघता. डिस्प्यूट टाकला की त्या नोंदीपुढे "अंडर डिस्प्यूट" असं दिसायला लागतं, त्याचा स्क्रीनशॉट पाठवून सांगतात बघा काम सुरू झालं, उरलेली फी टाका. महिन्याभराने बँक कळवते की आमची माहिती बरोबर आहे, शेरा निघून जातो, नोंद जशीच्या तशी, आणि तोवर एजंटने तुम्हाला ब्लॉक केलेलं असतं.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. "तुमची थकबाकी आम्ही भरतो, स्कोअर वाढला की नवीन लोन काढून देतो, त्यातून आमचे पैसे कापून घेऊ." ऐकायला उपकारच वाटतात, पण भरलेल्या रकमेवर भरमसाट व्याज, वर नवीन लोनवर कमिशन, आणि हातात कोरे चेक नाहीतर सही केलेले स्टॅम्प पेपर घेऊन ठेवलेले. एका कर्जातून सुटायला गेलेला माणूस दोन कर्जांत अडकतो. तिसरे लोक सांगतात की हप्ते भरणं बंदच करा, दरमहा आमच्याकडे पैसे जमा करा, आम्ही बँकेशी सेटलमेंट करून देतो. तोपर्यंत बँकेच्या वहीत तुम्ही थकबाकीदार होता, वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि शेवटी सेटलमेंट झालीच तरी रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लागतं, म्हणजे ज्याच्यासाठी गेलात त्याच्या उलटच झालं.

बनावट एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, बनवून देणारे आहेत, ती पुढे बँकेत लावलीत तर गुन्हा तुमच्यावर. "नवीन पॅन कार्ड काढू, स्कोअर कोरा होईल" असं सांगणारेही आहेत, दोन पॅन बाळगले तर १०,००० रुपये दंड आहे आणि नाव, जन्मतारीख, मोबाईल, पत्ता यांवरून जुना रिकॉर्ड जुळतोच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधार, पॅन, सेल्फी आणि ओटीपी घेऊन तुमच्याच नावावर अ‍ॅपवरून लोन उचलणारे. त्यामुळे साधा नियम ठेवा, आधी पैसे मागितले, गॅरंटी दिली किंवा ओटीपी मागितला, तिन्हीपैकी एक जरी झालं तरी फोन ठेवायचा, वाद घालत बसायचं नाही.

आता स्वतः कसं करायचं. पहिलं काम रिपोर्ट काढायचा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवर जा, लोन विकणाऱ्या अ‍ॅपवर नको, तिथे स्कोअर फुकट दिसतो पण मग दिवसभर लोनचे फोन येत राहतात. वेबसाईटवर मध्येच महिन्याचा, सहा महिन्याचा प्लॅन घ्या असं येतं, ते सोडून फुकटचा वार्षिक रिपोर्ट शोधून तोच निवडा. आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर अजिबात कमी होत नाही, ही भीती खूप जणांना असते म्हणून मुद्दाम सांगतोय. एक युक्ती, घाई नसेल तर चौघांचे एकदम काढू नका, दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढा, वर्षभर फुकटात लक्ष राहतं. लोन तोंडावर असेल तर मात्र सगळेच काढा, कारण बँक कुठल्या कंपनीचा बघेल ते तुमच्या हातात नाही.

रिपोर्ट हातात आला की स्कोअरकडे नंतर बघा, आधी प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक लोनचा, कार्डाचा वेगळा चौकोन असतो. त्यात कोणी दिलं, कधी दिलं, बाकी किती, थकीत किती हे असतं आणि खाली महिन्यावार छोटे छोटे रकाने असतात, तो डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा भरला. ००० असेल तर वेळेवर, ०३० असेल तर ३० दिवस उशीर, आणि एक्स एक्स एक्स असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण मागच्या ३६ महिन्यांचे रकाने दिसतात. "ओनरशिप" नावाची ओळ नक्की बघा, तिथे इंडिव्हिज्युअल, जॉइंट किंवा गॅरंटर असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेहुण्याला, ऑफिसातल्या मित्राला जामीन राहायची पद्धत आहे, सही करून आपण विसरून जातो आणि त्याने हप्ते थकवले की ते आपल्या रिपोर्टमध्ये येतात. ते चुकीचं नाही, ते खरंच आहे, जामीनदार म्हणून जबाबदारी आपलीच असते.

प्रत्येक नोंदीपुढे "बरोबर" किंवा "चूक" लिहा. सगळं काम या दोन शब्दांवर चालतं, कारण चुकीच्या नोंदीचा रस्ता वेगळा आणि बरोबर नोंदीचा वेगळा, आणि एजंट लोक नेमकं हेच एकत्र करून लोकांना गंडवतात.

चुकीचं म्हणजे काय, तर फेडलेलं लोन अजून चालू दिसतंय, एकच लोन दोनदा आलंय, वेळेवर भरलेल्या हप्त्याला उशीर दाखवलाय, किंवा नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या नावावर आलंय. आमच्या ओळखीत एकाने दिवाळीत फ्रीज हप्त्यावर घेतलेला, सगळे हप्ते भरले, एनओसीपण घरात, तरी रिपोर्टमध्ये काही शे रुपये थकीत दिसत होते, मध्ये एकदा हप्ता बाउन्स झाला होता त्याचा चार्ज कुणी सांगितलाच नव्हता. अशा वेळी ज्या क्रेडिट कंपनीचा (सिबिल वगैरे) रिपोर्ट आहे तिच्या वेबसाईटवर लॉगिन करून डिस्प्यूट टाकायचा, फी नाही. रिपोर्टवर एक कंट्रोल नंबर असतो तो लागतो. एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट लिहा, "खाते अमुक तारखेला बंद, एनओसी सोबत", मोठी करुण कहाणी लिहू नका. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही ईमेल करा, एनओसी आणि स्टेटमेंट जोडून, आणि दोन्हीकडचे तक्रार नंबर लिहून ठेवा.

आता हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमाप्रमाणे तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. बँकेला त्यातले २१ दिवस मिळतात, तिने तेवढ्यात दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेकडून, पाठवूनही पुढे काम अडलं तर क्रेडिट कंपनीकडून. आणि तुमची दुरुस्ती नाकारली तर कारण सांगावं लागतं. ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख एका ओळीत जरूर करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ऑनलाईन तक्रार होते, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सप्टेंबर २०२२ पासून या क्रेडिट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्यात. घेतलंच नाही असं लोन दिसलं तर मात्र ३० दिवस वाट बघत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन, सायबर तक्रार, आणि त्या फायनान्स कंपनीला लगेच लेखी कळवा.

बरोबर नोंदी, म्हणजे खरंच थकलेलं कर्ज, इथे जादू नाही, भरावं लागतं. "सेटल्ड" किंवा "रिटन ऑफ" असेल तर ज्या बँकेचं आहे तिच्या शाखेत किंवा तक्रार ईमेलवर विचारा की पूर्ण बंद करायला किती भरावं लागेल. उत्तर लेखी घ्या, त्यात स्पष्ट असायला हवं की एवढे भरल्यावर खातं "क्लोज्ड" म्हणून कळवलं जाईल, आणि पैसे फक्त लोन खात्यातच भरा, वसुली एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नाही. मग एनओसी घ्या आणि महिन्याभराने रिपोर्टमध्ये बदल झाला का बघा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे त्यामुळे पूर्वीसारखं दोन-तीन महिने ताटकळायला नको. जुने उशिराचे रकाने मात्र तसेच राहतात. वाईट वाटतं, पण त्यांच्यावर दर महिन्याला एक ००० येत जातो आणि बँका ताजे महिने जास्त बघतात.

स्कोअर वाढवायचं उरलेलं काम तसं कंटाळवाणं आहे. हप्त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे ठेवा. कार्डाचं बिल पूर्ण भरा, "मिनिमम ड्यू" भरून उशीर लागत नाही पण व्याज चढतं आणि बाकी वाढत जाते. १ लाखाची लिमिट असेल तर साधारण ३० हजारांच्या आत वापर ठेवा. एका बँकेने नाही म्हटलं की लगेच पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकून स्कोअर पडलेले खूप जण असतात, असं कार्ड नको असेल तर लेखी बंद करायला सांगा, बाकी काही नसेल तर कार्डवाल्याने ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड त्याला.

आणि आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही म्हणून स्कोअरच नाही, अशांना तर एजंट हमखास गाठतात. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फक्त हिस्ट्री नाही म्हणून नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे आणि अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेतही ते सांगितलंय. बँक तरी कुरकुर करत असेल तर थोड्या रकमेची एफडी करा, तिच्यावर कार्ड घ्या, महिन्याला किराणा किंवा लाईट बिल एवढंच त्यावर भरा आणि बिल आलं की पूर्ण फेडा.

आधीच कुणाला पैसे आणि कागदपत्रं देऊन बसला असाल तर लाजून गप्प राहू नका, घरच्यांना सांगा. आज ईमेलचा आणि क्रेडिट वेबसाईटचा पासवर्ड बदला, त्या साईटवर एजंटने स्वतःचा मोबाईल किंवा ईमेल घातलाय का तपासा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, १९३० वर तक्रार नोंदवा, दिलेल्या कोऱ्या चेकना बँकेत स्टॉप पेमेंट द्या. पुढचे काही महिने, तुमचा रिपोर्ट कुणीतरी बघितल्याचे एसएमएस येतात ते न वाचता उडवू नका, ज्या बँकेचं नाव तुम्ही कधी ऐकलंच नाही तिने रिपोर्ट बघितला असेल तर त्याच दिवशी तिला लिहा की हा अर्ज माझा नाही.